मलिक अंबरचं जुन्नर आणि आपलं पार्सल

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या तरुण व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘फौजेतलं नेतृत्व आणि ऑनलाइन धंदा’. या विषयावर पुस्तकं ढिगानं मिळतात. बहुतेक अमेरिकेतली, आणि लिहिणारा बहुतेक कमांडो. पहाटे चारला उठा, अंथरूण नीट घाला, शिस्त म्हणजेच स्वातंत्र्य वगैरे. वाचायला बरं वाटतं. पण मी कमांडो नव्हतो. मी वीस वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. एएससी म्हणजे फौजेचं रेशन, डिझेल आणि गाड्या. सिनेमात आमची माणसं दिसत नाहीत. पण सिनेमातल्या हिरोनं दुपारी जेवण कुठून खाल्लं, हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर आम्ही. आता मंचरजवळच्या आमच्या गावातून तांदूळ, नाचणी, घरचा मसाला आणि सुकवलेला टोमॅटो ऑनलाइन विकतो. तेव्हा जे बोलेन ते धान्याच्या पोत्याच्या बाजूनं बोलेन.

फौजेचा धडा शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपण बसलोय ते जुन्नर काही वर्षं निजामशाहीची राजधानी होतं. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला, चांदबीबी मारली गेली, आणि राज्य संपलं असं दिल्ली-आग्र्याच्या लोकांनी धरून चाललं. मलिक अंबर नावाच्या हबशी सरदारानं परांड्याला दुसरा निजामशहा गादीवर बसवला आणि १६०७च्या सुमाराला दरबार इथं जुन्नरला आणला. पुढे तो दौलताबादला गेला. हापूसबागेकडे हबशी महालाचे अवशेष आहेत, तिथंच तो सौदागर घुमट आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी तिथं फोटो काढलेत, रील टाकलीत. घुमटाच्या नावातला सौदागर म्हणजे व्यापारी, एवढं पुढच्या रीलमध्ये जरूर सांगा.

हा अंबर कोण? आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात जन्मलेला. लहानपणी विकला गेला. अरबस्तान, इराक करत दख्खनेत आला तो गुलाम म्हणून. त्याला विकत घेतलं चंगेजखानानं, निजामशाहीच्या पेशव्यानं. तो स्वतःही हबशीच. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला, थोडे स्वार गोळा केले, या दरबारात त्या दरबारात नोकऱ्या केल्या. पन्नाशी उलटल्यावर तो राज्याचा कारभारी झाला. समोर कोण? अकबर, मग जहांगीर. त्या काळातली जगातली मोठ्यात मोठी फौज. अंबरकडे त्या मानानं मूठभर माणसं, अर्धी तिजोरी, आणि एक राजा जो नावाचाच राजा. तरी वीस-पंचवीस वर्षं मुघलांना दख्खन पचली नाही.

आता आपला हिशेब बघा. समोर कोण आहे? मोठमोठी अॅप. त्यांच्याकडे गोदामं, त्यांच्याकडे गाड्या, त्यांच्याकडे तोटा सोसायची ताकद. आपल्याकडे काय? एक खोली, एक वजनकाटा, अम्मीच्या बांगड्या ठेवून आणलेले पैसे. म्हणून अंबरचं उदाहरण आपल्याला लागू पडतं. नेपोलियनचं पडत नाही.

पहिली गोष्ट मैदानाची. मुघलांची ताकद मोकळ्या मैदानावर. तोफा, हत्ती, चिलखती स्वार. अंबरनं शक्यतो मैदानात गाठ घेतलीच नाही. हलके मराठा स्वार, बारगीर, त्यांना प्रत्येक खिंड आणि पाणवठा माहीत. रसदेच्या तांड्यावर पडायचं, बैल न्यायचे, घाटात गुल व्हायचं. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो तो शिवाजी महाराजांच्या जन्माआधी याच डोंगरात मोठ्या प्रमाणावर चालला होता, आणि त्यात शहाजीराजांसारखे लोक तयार झाले. हबशी सेनापती, मराठे स्वार, दख्खनी मुसलमान, हिशेबाला ब्राह्मण कारकून. कोण कुठला यापेक्षा कुणाला काय येतं हे बघितलं. हे मी तुम्हाला खूश करायला सांगत नाही. डोंगर ज्याला माहीत त्यालाच घेऊन डोंगरात लढता येतं, दुसरा इलाजच नव्हता.

ऑनलाइनमधलं मैदान म्हणजे किंमत आणि वेग. ‘दहा मिनिटांत घरपोच’ हे मैदान. ‘पन्नास टक्के सूट’ हे मैदान. तिथं तुम्ही उतरलात की संपलात. माझ्याकडे मुलं येतात आणि म्हणतात, चाचा, त्या अॅपवर हाच तांदूळ वीस रुपयांनी कमी आहे, आपणही कमी करू. मी विचारतो, हाच तांदूळ? भीमाशंकरच्या वाटेवरच्या कुठल्या वाडीतला इंद्रायणी, कुणाच्या खाचरातला, कधी झोडपला, कुठल्या गिरणीत भरडला, हे त्या अॅपला सांगता येतं का? तुम्हाला येतं. तो तुमचा घाट. लेण्याद्री आणि ओझर, अष्टविनायकांतले दोन आपल्या एका तालुक्यात. शिवनेरी इथं, भीमाशंकर तिकडे. बाहेरची माणसं आपल्या दारावरून गाडीनं जातात. त्यांनी एकदा अर्धा किलो नेला आणि पाकिटावर नंबर असला की पुढची ऑर्डर घरून येते. जाहिरातीला एक रुपया न देता मिळालेलं हे गिऱ्हाईक कुठल्याही अॅपच्या बापाला मिळणार नाही.

पण घाट प्रत्येकाला वाचवतोच असंही नाही. जुन्नरी कागदाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इथले कागदी, आपलेच लोक, हातानं कागद करायचे आणि तो पेशव्यांच्या दफ्तरापर्यंत जायचा. माल उत्तम. मग गिरणीचा कागद आला. स्वस्त, एकसारखा, हवा तेवढा. कारकुनाला लिहायला कागद हवा होता, तो गिरणीचा चालत होता. माल चांगला असून पुरत नाही. घेणाऱ्याला त्या चांगलेपणाची गरज असावी लागते. तुमचा माल कारकुनाला हवा की दफ्तराला, हे आधी ठरवा.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, रसद. लेहला हिवाळ्यात रस्ते बंद व्हायचे. झोजिला बंद, तिकडून रोहतांग बंद. त्यामुळे सहा महिन्यांचं सगळं, पीठ, डाळ, रॉकेल, दुधाची पावडर, अंडी, सगळं उन्हाळ्यातच वर चढवायचं. ऑगस्टमध्ये कुणाला जानेवारीची थंडी आठवत नाही. आठवणाऱ्याला पगार असतो. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र आहे, इतिहास शिकलेल्यांना माहीत असेल. त्यात लढाईचा आवेश नाही. त्यात आहे दाणा-वैरण. पावसाळ्यासाठी साठवलेलं आताच उधळलंत तर पावसात मिळणार नाही, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कुणी भाजी ओढेल, कुणी धान्य, आणि रयत म्हणेल यांच्यापेक्षा मुघल बरे. जे हवं ते पैसे देऊन विकत घ्या. पुढे तर लिहिलंय की रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. राजा उंदराची काळजी करतोय. सेनापती म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला मी ते पत्र वाचायला देतो.

पानिपत आपल्याला १४ जानेवारी १७६१ या एका दिवसानं आठवतं. पण त्या आधी दोन महिने छावणी उपाशी मरत होती. रसद तुटली होती, गोविंदपंत बुंदेले मारले गेले होते, माणसं आणि जनावरं खंगली होती. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आणि तोफा त्या दिवशी शेवटपर्यंत लढल्या, त्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण कवायत उपाशी पोटाची भरपाई करू शकत नाही. आपल्या धंद्यातही दिवाळीच्या सेलमध्ये बुडालेला माणूस खरं तर ऑगस्टमध्येच बुडालेला असतो. पाकिटं छापून आलेली नसतात, खोकी संपलेली असतात, मिरची महाग झालेली असते.

नारायणगावच्या टोमॅटोचं तर सांगायलाच नको. २०२३च्या जुलैत क्रेटचे भाव कुठं गेले होते ते टीव्हीनं देशाला दाखवलं. दोन-अडीच महिन्यांत तोच टोमॅटो तोडणीच्या मजुरीलाही महाग झाला. सुकवणारा माणूस कधी घेणार? पडत्या भावात. पण पडत्या भावात घ्यायला तेव्हा हातात रोकड पाहिजे, आणि ती रोकड चढत्या भावाच्या काळात न उडवलेली पाहिजे. फौजेत याला राखीव म्हणतात. राखीव तुकडी पहिल्या तासात पुढे ढकलायची नसते. अम्मीच्या बांगड्या ही तुमची शेवटची राखीव आहे, आणि तुम्ही ती इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर पहिल्या आठवड्यात खर्च करता.

आता आरटीओ. गाडीचं लायसन्स देणारं नव्हे. कुरिअरवाल्यांच्या भाषेत आरटीओ म्हणजे न पोचता परत आलेलं पार्सल. यात आपली मुलं बुडतात, म्हणून जरा आकडे मांडतो. समजा ४०० रुपयांचं पाकीट. माल आणि पॅकिंग २६०. जाण्याचं कुरिअर ७०. पोचलं तर उरले ७०. आता कॅश ऑन डिलिव्हरी आहे, दार उघडून माणूस म्हणाला नको. जाण्याचे ७० गेले, परतीचे समजा ६०, झाले १३०. माल विकण्याजोगा परत आला तर १३०. खोका फाटला, मसाल्याला ओल लागली तर २६०मधलंही बरंच गेलं. म्हणजे एक परत आलेलं पार्सल जवळजवळ दोन पोचलेल्या पार्सलांची कमाई खातं. पन्नास ऑर्डर आल्या म्हणून मित्रांना मिसळ खिलवणाऱ्या मुलानं आधी विचारावं, पोचल्या किती?

लष्करी ताफा चालतो ना, कॉनव्हॉय, त्याचा वेग सर्वांत हळू गाडी ठरवते. आणि सर्वांत मागे रिकव्हरीची गाडी असते. बंद पडलेल्याला सोडून ताफा पुढे जात नाही. नवा ऑफिसर पहिल्या गाडीकडे बघतो. जुना माणूस शेवटच्या गाडीकडे बघतो. तुमच्या धंद्यात शेवटची गाडी कोण चालवतं? परत आलेल्या प्रत्येक पार्सलाची वही ठेवता का? पिनकोड, कारण, कुरिअरवाल्यानं खरंच फोन केला होता का? माझ्या एका कुरिअरवाल्याकडून, नाव घेत नाही, ‘ग्राहक घरी नाही’ असा शेरा सलग चार पार्सलांवर आला. चारही गिऱ्हाईकं घरी होती. हे कुणाला कळलं? मला नाही. पॅकिंग करणाऱ्या मुलीला कळलं, कारण गिऱ्हाईकांचे व्हॉट्सअॅप ती बघते.

इथं मला एक गोष्ट सांगायचीय, आणि आंबेगावात ती सांगताना जीव कचरतो. माळीण. ३० जुलै २०१४. डोंगर खाली आला आणि गाव गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. ती बातमी बाहेर कुणी आणली? उपग्रहानं नाही, कुठल्या अधिकाऱ्यानं नाही. एसटीच्या चालकानं. रोजच्या रस्त्यानं आला आणि रोज दिसणारं गाव त्याला दिसेना. मग यंत्रणा हलली, एनडीआरएफचे जवान आले, चिखलात दिवसेंदिवस राबले. पण पहिली खबर त्याची, जो रोज त्या रस्त्यानं जातो. फौजेत गस्तीवरून आलेल्या शिपायाला आधी बोलू देतात, साहेब नंतर बोलतो. साहेब आधी बोलला की शिपाई साहेबाला हवं तेच बोलतो. तुमच्या घरी पार्सल बांधणारी बहीण, टेम्पो चालवणारा मामू, यांना तुम्ही दिवसातून एकदा तरी विचारता का, आज काय वेगळं दिसलं?

आणि विचारून थांबू नका, तिला ठरवू द्या. फौजेत हुकूम द्यायची एक पद्धत असते. परिस्थिती काय, मकसद काय, कसं करायचं, खाणं-गोळी कुठून मिळणार, आणि संपर्क कसा. शेवटी साहेब विचारतो, ‘कोई शक?’ यात मकसद दोनदा सांगतात. का? कारण संपर्क तुटतो. तुटला तर जवानाला माहीत असलं पाहिजे की करायचं काय होतं, मग तो आपल्या अकलेनं करतो. लोकांना वाटतं फौज म्हणजे वर बघून सलाम. चांगली पलटण तशी नसते.

माझ्याकडे नियम साधा आहे. पाचशे रुपयांपर्यंतची तक्रार पॅकिंगवाली मुलगी स्वतः मिटवते. पैसे परत, नाहीतर दुसरं पाकीट. मला विचारायचं नाही, संध्याकाळी वहीत लिहायचं. आपल्याकडे उलट चालतं. सगळं काम बहीण करते, आणि खातं भाईजानच्या नावावर, ओटीपी भाईजानच्या मोबाइलवर, आणि भाईजान उरुसाला. गिऱ्हाईक तिकडे तापतंय, बहीण इकडे भाईजानला मिस्ड कॉल देतेय. जी लढते तिच्या हातात शस्त्र द्या. खात्यावर तिचं नाव लावा. हसू नका, मागच्या रांगेतल्या मुली हसत नाहीयेत, बघा.

मात्र फौजेची एक गोष्ट धंद्यात आणू नका. आवाज. रिटायर झालेल्या माणसाला वाटतं ओरडलं की काम होतं. जवान नोकरी सोडून उद्या जाऊ शकत नाही, म्हणून फौजेवर त्याची जबाबदारीही तेवढीच असते. त्याचं खाणं, त्याची सुट्टी, त्याच्या घरचं पत्र. डेहराडूनच्या अकादमीत चेटवूड हॉलमध्ये लिहिलेलं आहे, देश पहिला, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि तुमचा स्वतःचा आराम सगळ्यात शेवटी, दर वेळी शेवटी. तुम्ही पॅकिंगच्या मुलीला दोन महिने पगार उशिरा देता आणि नवा आयफोन घेता, आणि वर तिच्याशी मेजरच्या आवाजात बोलता. ती उद्या दुसरीकडे जाईल, आणि बरोबर करेल. तसंच शेतकऱ्याचं. तांदूळ उचलताना पैसे द्या. ‘विकला की देतो’ हे लष्करानं कुणब्याच्या घरात शिरण्यासारखंच आहे.

आता तो प्रश्न, जो चिठ्ठीवर तिघा-चौघांनी लिहून दिलाय. ब्रँडला आपलं नाव द्यावं का? म्हणजे मुसलमान नाव. स्पष्ट बोलू. ऑर्डर रद्द होतात. माझ्या झाल्यात. पाकिटावरचं नाव वाचून एका गिऱ्हाईकानं जे लिहिलं ते मी इथं बोलणार नाही. मुलीनं विचारलं, चाचा, काय उत्तर देऊ? मी म्हटलं, पैसे आजच्या आज परत कर आणि पुढचं पार्सल बांध. तिला ते आवडलं नाही. तिचं रक्त तरुण आहे, मला त्याचा आदर आहे.

पण ऐका. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत मलिक अंबरला काय काय शिव्या दिल्यात. रंगावरून दिल्यात, जन्मावरून दिल्यात. आणि एक चित्र काढून घेतलं. दरबारी चित्रकार अबुल हसनचं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य, आणि भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ते काढलं तेव्हा, १६१६च्या सुमाराला, अंबर जिवंत होता. नंतर दहा वर्षं जगला. जगाचा बादशहा, पण बाण कागदावर. त्याच सुमाराला मुघलांनी अंबरला एका लढाईत हरवलं आणि त्यानं वसवलेलं खडकी शहर जाळलं. ते नुकसान खरं होतं. अंबरनं काय केलं? शहर पुन्हा उभं केलं, त्याला नहर बांधून पाणी आणलं. त्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर. बादशहाच्या शिवीला अंबरचं उत्तर कुठं सापडत नाही. नहर सापडते.

चित्रातला बाण कुठला आणि खडकीची आग कुठली, हे ओळखायला शिका. कमेंटमधली शिवी हा चित्रातला बाण. सोडून द्या. पण कुणी तुमच्या पेजवर खोटी तक्रार करून ते बंद पाडतो, कुणी थुंकीबिंकीची अफवा तुमचा फोटो लावून फिरवतो, ही आग. तिथं गप्प बसायचं नाही. स्क्रीनशॉट, तारीख, लिंक, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार, आणि सोबत तुमच्या जुन्या गिऱ्हाईकांचा आधार. तो आधार त्या दिवशी गोळा होत नाही, आधीपासून असावा लागतो.

आणि नाव लपवायचं म्हटलं तरी किती लपवणार? २०११चे आवेष्टित वस्तूंचे नियम आहेत. पाकिटावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव आणि पत्ता छापावाच लागतो. निव्वळ वजन, कमाल किंमत, ग्राहक तक्रारीचा नंबर, सगळं. खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयचा नंबर. समोर ‘सह्याद्री’ लिहा, मागे तुमचं नाव येणारच. ब्रँडला डोंगराचं नाव दिलं म्हणून मी कुणाला भित्रा म्हणणार नाही. डोंगर तुमचाही आहे. फक्त मागचं नाव बारीक अक्षरात, चोरासारखं छापू नका. अक्षराचा आकारसुद्धा नियमात ठरलेला आहे, त्यामुळे दंडही होईल. मी माझं नाव मोठ्या अक्षरात, पुढच्या बाजूला छापतो. त्यानं काही ऑर्डर जातात हे मला माहीत आहे. तो खर्च मी धरून चालतो, जसा ओलीनं जाणारा तांदूळ धरून चालतो.

एक राहिलं. गनिमी कावा म्हणून काही मुलं भलतंच करतात. शेजारच्या दुकानाला खोटे एक स्टारचे रिव्ह्यू टाकतात, दुसऱ्याचे फोटो चोरतात. मंचरच्या बाजारात शेजारच्या गाळ्यावर दगड मारून कुणी धंदा वाढवला आहे का? अंबर घाटात लपला, पण रयतेला लुटून नाही. त्यानं जमिनीचा कस आणि पीक बघून सारा ठरवला, उजाड झालेली गावं पुन्हा लावली. त्याच गावांनी त्याला दाणा दिला, खबर दिली. १६२४ला अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र त्याच्यावर आल्या. ऐन चिखलाचे दिवस. त्यानं तलावाचं पाणी सोडून त्यांच्या छावणीभोवती रबरबाट केला, दाणा तोडला, उपासमारीनं त्यांची माणसं फुटायला लागली, आणि मग घाव घातला. त्या लढाईत शहाजीराजे होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथं पडले. तलाव कुठला, बांध कुठं, पाणी कुठं वळेल, हे परक्याला कळलं नसतं. आणि शत्रू कोण होता? चालून आलेली फौज. आपल्याकडे गिऱ्हाईक शत्रू नाही आणि शेजारचा दुकानदारही नाही. म्हणून लढाईचे सगळे शब्द मी धंद्याला लावत नाही. ‘मार्केट मारायचं’ वगैरे बोलणाऱ्या मुलाला मी आधी पोतं उचलायला लावतो.

अंबर १६२६ला वारला, ऐंशीच्या घरात. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या दरबारच्या शत्रूंनी, मुघलांच्या इतिहासकारानं, तो गेल्यावर लिहून ठेवलं की लढाईत आणि कारभारात या गुलामाला जोड नव्हती. पण पुढचं बघा. सात वर्षांत त्याच्या मुलानं, फत्तेखानानं, दौलताबाद मुघलांना दिलं. १६३६ला शहाजीराजांना माहुलीवर हार मानावी लागली आणि निजामशाही संपली. एवढा मोठा माणूस, आणि मागे दुसरी फळी नाही. सगळ्या किल्ल्या त्याच्याच कमरेला.

तुमच्या धंद्याची किल्ली कुणाकडे आहे? आज तुम्ही आजारी पडलात, आठ दिवस दवाखान्यात, तर पार्सलं जातील का? पासवर्ड कुणाला माहीत आहे? तांदूळवाल्याचा नंबर फक्त तुमच्याच फोनमध्ये आहे का? हे घरी जाऊन एका कागदावर लिहा. जुन्नरी कागद मिळाला तर उत्तम.

चहा आलाय. चहानंतर ज्यांनी परतीच्या पार्सलांची वही आणलीय त्यांनी पुढच्या दोन बाकांवर बसा, आपण पिनकोड लावून बघू. ज्यांनी आणली नाही त्यांनी मोबाइलवर कुरिअरचं पान उघडून गेल्या तीन महिन्यांचे आकडे काढून ठेवा. आणि भाईजान लोकांनी ओटीपीचा फोन बहिणीकडे द्यावा, तिला लागणार आहे.